चिनी शेजारातलं माझं घर

दोह्यातल्या मराठी माणसाचं पहिलं घर पुण्यात असतं, आणि दुसरंही पुण्यातच. त्या वर्षांत हिवाळा लागला की पुण्याचे बिल्डर इथल्या एखाद्या मोठ्या हॉटेलात प्रदर्शन भरवायचे. काचेच्या पेटीत इमारतींची मॉडेलं, त्यांच्याभोवती प्लास्टिकची हिरवीगार झाडं, आणि येणाऱ्याला वडापाव फुकट. आमच्या मंडळातली माणसं सहकुटुंब जायची, वडापाव खायची आणि वाकडला नाहीतर हिंजवडीला टोकन देऊन यायची. जिचा पायाही खणलेला नाही अशा इमारतीच्या अकराव्या मजल्यावरून डोंगर कसा दिसतो, हे आम्हाला त्या हॉटेलात बसल्या बसल्या समजायचं. माझा नवराही एका वर्षी टोकन द्यायला बसला होता. मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"मला पुण्यात नको," मी म्हणाले. "मला इथे घर हवंय."

"अगं, इथे आपण पाहुणे आहोत," तो म्हणाला. "पाहुणे घर घेतात का?"

नेमकं तेच मला सलत होतं. ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागात आम्ही ज्या फ्लॅटमध्ये राहायचो तो त्याच्या कंपनीने दिलेला. मी आणि मुलगी त्याच्या व्हिसावर. तो रस्त्यांच्या कामांवर प्लॅनिंग इंजिनिअर होता. काम संपलं आणि कंपनीने हात जोडले, की घर गेलं, व्हिसा गेला, मुलीची शाळा गेली. आमच्याच मजल्यावरचं एक नाशिकचं कुटुंब असं गेलं होतं. फ्रिज कुणाला, सायकल कुणाला, तुळशीची कुंडी आम्हाला, आणि त्यांचा मुलगा सहामाही परीक्षेच्या तोंडावर शाळेतून काढलेला. तेव्हापासून मी मनाशी पक्कं केलं होतं की माझ्या मुलीची शाळा कुणाच्या एका पत्रावर सुटता कामा नये. द पर्ल या समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर परदेशी माणसालाही स्वतःच्या नावावर फ्लॅट घेता यायचा, आणि मालकाला त्याच्या आधारावर राहायचा परवाना मागता यायचा. मला तो परवाना माझ्या नावाने हवा होता.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. नाशिकच्या कॉलेजात नवरा आणि मी एकाच वर्गात, आणि माझे मार्क त्याच्यापेक्षा बरे, हे इथे सांगून ठेवते. दोह्यात मी एअर कंडिशनिंगच्या डक्टची ड्रॉइंग काढायचे. वर्ल्ड कप कतारला मिळाल्यापासून आमच्या ऑफिसात मान वर करायला फुरसत नव्हती. हॉटेलं, स्टेशनं, स्टेडियमं. जिथे माणूस बसणार तिथे थंड हवा पोचली पाहिजे. मीटिंगांना हळूहळू चिनी इंजिनिअर दिसू लागले. लुसैलचं मोठं स्टेडियम बांधायला चिनी मंडळी आली होती, शिवाय बंदर, पाण्याच्या टाक्या, आणखी बरंच काही. त्यांतली एक बाई माझी ड्रॉइंग तपासायची. बोलायला कमी, चूक शोधायला पक्की. आमचं पटायचं.

एकदा तिने मला विचारलं की घरासाठी चांगला भाग कुठला. मी तिला ओल्ड एअरपोर्ट सांगितलं, मुऐदरचे व्हिला सांगितले. तिने मान हलवली. पर्लवर टॉवरांची एक रांग आहे, तिथे आमची माणसं राहायला लागलीत, म्हणाली. तिथे एक बाई घरून डंपलिंग करून विकते. शुक्रवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये मुलांना चिनी लिहायला शिकवतात. सकाळी आज्या मिळून बोटींच्या धक्क्यावर हात-पाय हलवायला जातात. तिथून स्टेडियमही जवळ. तिला तिथेच जायचं होतं, पण रिकामा फ्लॅट मिळत नव्हता.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही मराठी माणसं ओल्ड एअरपोर्टला का चिकटून राहतो? शाळा जवळ, गणपती जवळ, आणि थालीपिठाची भाजणी संपली तर हाकेच्या अंतरावर कुणीतरी असतं म्हणून. तेच यांचं. एकदा आपली माणसं एका जागी जमली की मागून येणारा तिथेच घर शोधतो, मग भाडं थोडं जास्त का असेना. हे समजायला चिनी भाषा यावी लागत नाही. बाबांनी माझ्या नावावर ठेवलेला गंगापूर रोडचा प्लॉट मी विकला, माझ्या पगारातलं होतं नव्हतं ते घातलं, आणि त्याच रांगेत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. कागदावर एकच नाव, माझं.

मंडळात ही बातमी पोचायला एक हळदीकुंकू पुरलं. "वहिनी, चिन्यांच्या वस्तीत घर घेतलंत म्हणे," एक गृहस्थ तिळगूळ चघळत म्हणाले. "भाडेकरू नूडल्समध्ये भाडं देणार का?" सगळे हसले. मीही हसले, पण ते वाक्य मी विसरले नाही. त्या गृहस्थांचे स्वतःचे हिंजवडीचे दोन फ्लॅट तेव्हा हवेतच होते.

आता फ्लॅट सजवायचा होता. मी ठरवलं की येणाऱ्याला बघताक्षणी आपलं वाटलं पाहिजे. आणि मग मी जे केलं ते फक्त आपला माणूसच करू जाणे. चिनी माणसाच्या घराबद्दल मला जे काही माहीत होतं ते सगळं नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या चायनीज हॉटेलातून आलेलं. तिथे आम्ही कॉलेजात असताना मंचुरियन खायचो. त्यामुळे माझ्या हॉलमध्ये लाल कागदी कंदील लागले. एका भिंतीवर सोनेरी ड्रॅगन आला, फणा काढल्यासारखा. खिडकीत लकी बांबू. आणि दारात, आपल्याकडे वास्तुशांतीला हटकून कुणीतरी देतंच, तो लाफिंग बुद्धा, तोही चांगला गुडघ्याएवढा. भारतातून येणाऱ्या एका मैत्रिणीने तो मांडीवर घेऊन आणला होता.

"आई, इट लुक्स लाइक अ रेस्टॉरंट," मुलगी दारातूनच म्हणाली.

"मराठीत बोल," मी म्हणाले, कारण दुसरं काही सुचेना.

"मेनू कुठंय?" नवऱ्याने विचारलं.

मी दोघांकडे दुर्लक्ष केलं. चिनी कुटुंबं फ्लॅट बघायला येऊ लागली. दारात यायची, बुद्धाकडे बघायची, एकमेकांकडे बघायची. एक तरुण नवरा-बायको तर कंदिलांखाली उभं राहून फोटो काढून गेले. सगळे गोड हसायचे, सगळे थँक यू म्हणायचे, आणि पुन्हा कुणी फोन करायचं नाही. त्यातच उन्हाळ्यात शेजारच्या देशांनी सीमा बंद केल्या. दुकानांतलं दूध बदललं, विमानांचे रस्ते बदलले आणि भाडी घसरली. त्या रांगेत आता रिकामे फ्लॅट हवे तेवढे मिळू लागले. माझा फ्लॅट दिवाळीतही रिकामा आणि मकरसंक्रांतीलाही रिकामा. इमारतीचा देखभालीचा खर्च मात्र न चुकता मागायचे. नवरा टोमणे मारायचा थांबला, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

"हे बघ," एका शुक्रवारी तो म्हणाला, "मंडळातल्या एकाच्या ओळखीचा माणूस घ्यायला तयार आहे. पडेल किमतीत मागतोय, पण मागतोय तरी. शाळेचं नवीन वर्ष सुरू व्हायच्या आत विकून टाकू. आपल्याच्याने रिकाम्या घराचा खर्च नाही ओढवत."

तो चिडून बोलला असता तर मी भांडले असते. पण तो अगदी समजुतीने बोलत होता, आणि खरं बोलत होता. घर विकलं की बाबांचा प्लॉट गेला, परवान्याची आशा गेली, आणि आम्ही पुन्हा त्या एका पत्राच्या भरवशावर. मी त्याच्याकडून शाळा सुरू होईपर्यंतची मुदत मागून घेतली. त्या दिवशी माझा जीव खरोखर टांगणीला लागला होता.

शेवटी मी माझी ड्रॉइंग तपासणाऱ्या त्या चिनी बाईलाच गळ घातली. मी फ्लॅट घेतला त्याच सुमारास तिच्या कंपनीने तिला फुकट सर्व्हिस अपार्टमेंट दिलं होतं, म्हणून मी तिला आधी विचारलं नव्हतं, आणि ती अजून तिथेच राहत होती. आता तिची सासूही कायमची राहायला आली होती आणि ते चांगल्या घराच्या शोधात होते. ती सासूला घेऊन फ्लॅट बघायला आली. सासूबाई ठेंगण्या, आखूड केसांच्या, हातात कापडी पिशवी. त्यांनी कंदिलांकडे पाहिलं, ड्रॅगनकडे पाहिलं, आणि सुनेला काहीतरी विचारलं. सून ओठ दाबून उभी राहिली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"त्या विचारतायत, रेस्टॉरंट बंद का पडलं."

मुलगी तिथे असती तर मी तिच्याकडे बघायचंही टाळलं असतं. पण खरा दणका पुढेच होता. खिडकीतून एवढा निळाशार समुद्र दिसत असताना सासूबाई तिकडे ढुंकूनही न बघता तडक ओट्याकडे गेल्या. तो ओटा हॉलमध्येच होता, पर्लवर सगळीकडे असतो तसा. ओपन किचन. पांढरी चकचकीत कपाटं, वर चांदीच्या रंगाची नाजूक चिमणी. सासूबाईंनी चिमणीचं बटण दाबलं, मान वर करून ऐकलं, आणि मग सोफा, पडदे, बेडरूमची दारं अशी घरभर नजर फिरवली. सून म्हणाली, "त्या विचारतायत, धूर कुठे जातो?"

धूर कुठेच जात नव्हता. ती चिमणी हवा ओढायची, कोळशाच्या जाळीतून गाळायची आणि पुन्हा त्याच खोलीत सोडायची. त्यांचं जेवण धडाडत्या आचेवर, तेल धुरावल्यावर, मोठ्या कढईत होतं. रात्रीच्या जेवणाचा वास सकाळी उशीला येणार. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पोटापाण्यासाठी मी डक्ट काढत होते आणि घरी रोज सकाळी मिरची-लसणाची फोडणी घालत होते. ओल्ड एअरपोर्टच्या घरात स्वयंपाकघराला दार होतं, म्हणून कंपनीने दाखवलेल्या घरांतलं मी तेच निवडलं होतं. ओपन किचनमध्ये ठेचा कसा करतात बघू, असं मीच मंडळातल्या नव्या सुनांना ऐकवायचे. आणि स्वतःचं घर घेताना मी ड्रॅगन टांगत बसले होते!

मला राग आला, आणि राग आला की मला काम सुचतं. त्याच संध्याकाळी कंदील उतरवले. ड्रॅगन मुलीने फार आनंदाने काढला. मग मी इमारतीची ड्रॉइंग मागवली. मला वाटलं होतं तसंच निघालं. ओट्यामागच्या भिंतीत थेट गच्चीपर्यंत जाणारा शाफ्ट होता, फक्त स्वयंपाकघरांच्या धुरासाठी. तो बांधून ठेवला होता आणि माझ्या फ्लॅटची चिमणी त्याला जोडलेलीच नव्हती.

इमारतीच्या मॅनेजरला फ्लॅटमध्ये बदल करायची परवानगी मागितली तर तो दुखावल्यासारखा झाला. "मॅडम, लोक भिंती पाडून किचन ओपन करतात. तुम्ही बंद करणार? दिस इज लक्झरी प्रॉपर्टी." मी म्हटलं, लक्झरी म्हणजे मासे तळले तरी पडद्यांना वास येत नाही ती. तो रविवारी इन्शाल्ला म्हणाला, बुधवारी इन्शाल्ला म्हणाला. मग मी ऑफिसात करते तसं रीतसर ड्रॉइंग काढून नेलं. हवा किती, डक्ट केवढा, आग लागली तर बंद होणारी झडप कुठे, सगळं. त्याच्या इंजिनिअरने ते दोनदा उलटसुलट पाहिलं आणि कुठल्या कंपनीकडून काढून घेतलं असं विचारलं. "माझ्याकडून," मी म्हणाले. अजूनही ते वाक्य आठवलं की माझी मान ताठ होते.

हॉल आणि ओटा यांच्यामध्ये सरकती काच बसली. जुन्या चिमणीच्या जागी रुंद, दणकट चिमणी आली आणि शाफ्टला जोडली गेली. भिंतीला छतापर्यंत टाइल्स. नवरा पहिल्यांदा नुसता बघायला आला होता, पण नंतर दर शुक्रवारी येऊन कामगारांच्या मागे उभा राहू लागला, आणि काच तिरकी बसत होती ती त्याच्याच लक्षात आली.  शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले होते आणि त्याने त्या ओळखीच्या माणसाचं नाव काढलं नव्हतं, हे मी मनात टिपून ठेवलं.

काम संपलं त्या दिवशी मी घरून कढई, तेल आणि लवंगी मिरच्या घेऊन गेले. नवऱ्याला आणि मुलीला हॉलमध्ये बसवलं, काच ओढून घेतली, आच मोठी केली, चिमणी लावली. तेल चांगलं तापू दिलं आणि मूठभर मिरच्या एकदम सोडल्या. ओल्ड एअरपोर्टला असं केलं असतं तर खालच्या मजल्यावरून फोन आला असता. मी चिमणीखाली उभी होते आणि धूर नाकापर्यंत यायच्या आत वर जात होता. काचेपलीकडे नवरा सोफ्यावर बसून वाट बघत होता, मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. मी काच सरकवून विचारलं, "ठसका लागला का?"

"कसला? यू स्टार्टेड ऑलरेडी?" मुलगी म्हणाली.

नवरा उठून आत आला, कढईत वाकून बघितलं आणि मग कुठे त्याला सणसणीत ठसका लागला. खोकत खोकत तो हसत होता. मला इतका आनंद कधी कॉलेजच्या निकालालाही झाला नव्हता.

सासूबाई पुन्हा आल्या त्या पिशवीत स्वतःची कढई घेऊनच. आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. त्यांनी लसूण आणि कसलीशी पालेभाजी धडाडत्या आचेवर परतली, चिमणीकडे एकदा पाहिलं, आणि माझ्या दंडावर दोनदा थोपटलं. सून म्हणाली, "त्या म्हणतायत, हे घर स्वयंपाक करणाऱ्या बाईने केलंय." मी म्हटलं, त्यांना सांग, इंजिनिअर बाईने. तिने सांगितलं. सासूबाई त्यावर बराच वेळ बोलल्या, पण सुनेने पुढचं काही मला सांगितलं नाही. त्याच आठवड्यात भाडेकरार झाला. लाफिंग बुद्धा मात्र त्यांनी परत दिला.

सासूबाईंच्या सकाळच्या धक्क्यावरच्या मैत्रिणींनी ते स्वयंपाकघर पाहिलं आणि मग त्या रांगेतल्या इतर मालकांचे मला फोन यायला लागले. कुणी पॅलेस्टिनी, कुणी पाकिस्तानी, एक तर खुद्द मॅनेजरचा मेहुणा. भाडी सगळीकडे पडलेली असताना बंद स्वयंपाकघराचे फ्लॅट भरत होते. मी त्यांना ड्रॉइंग काढून दिली, फुकट नाही. हळदीकुंकवाला ते नूडल्सवाले गृहस्थ भेटले. त्यांच्या फ्लॅटचा ताबा मिळायचा होता. मी त्यांना तिळगूळ दिला आणि काहीही बोलले नाही. एवढं गप्प राहायला मला फार कष्ट पडले.

मग वर्ल्ड कप अगदी तोंडावर आला. स्टेडियमं उभी राहिली, रस्त्यांवरचे अडथळे निघाले, झाडं लागली, शहर नव्या नवरीसारखं नटलं. आणि जे काम पुरं झालं त्या कामाची माणसं घरी जाऊ लागली. नवऱ्याच्या रस्त्याचं उद्घाटन झालं. आम्ही त्यावरून गाडीने फिरून आलो, त्याने प्रत्येक वळणाची गोष्ट सांगितली. थोड्याच दिवसांत त्याच्या हातात पत्र पडलं. त्याच्यासोबतच्या सगळ्यांच्याच हातात पडलं. मुलगी तेव्हा बारावीत होती.

तो पत्र घेऊन सोफ्यावर बसला. "खलास," म्हणाला. "परीक्षेपर्यंत तरी..." इतक्या वर्षांत मी त्याला असा बसलेला पाहिला नव्हता. मला त्याची फार माया वाटली. मी म्हटलं, "ऊठ. पासपोर्ट काढ. तुझा, माझा, तिचा."

परवाना लगेच मिळाला असं नाही. या खिडकीवरून त्या खिडकीवर, मग पुन्हा पहिल्या खिडकीवर. पण घर माझ्या नावावर होतं, त्यात रीतसर भाडेकरू होते, आणि नाही म्हणायला कुणाला जागा नव्हती. माझा परवाना झाला. मग मी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन गेले, त्यांचा व्हिसा माझ्या नावावर घालायला. खिडकीमागे पांढऱ्या झग्यातला एक हसरा कतारी मुलगा होता. त्याने सवयीने नवऱ्याला विचारलं, "हिचे कफील तुम्ही ना?" कफील म्हणजे ज्याच्या नावावर माणूस या देशात राहतो तो. नवऱ्याने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. मुलाने कागद पुन्हा पाहिले आणि मला म्हणाला, "मॅडम, याला ठेवायचं ना इथे?"

"इन्शाल्ला," मी म्हणाले. खिडकीच्या दोन्ही बाजूंना हशा पिकला.

कंपनीचा फ्लॅट महिनाअखेर सोडायचा होता, आणि पर्लच्या भाड्यात परवडेल असा दुसरा आम्ही शाळेजवळच बघून ठेवला होता. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. मुलगी आत फिजिक्सचं पाठ करत होती. नवऱ्याने पुण्याला त्याच्या आईला फोन लावला. नोकरी गेल्याचं त्यांना आधीच कळलं होतं आणि त्यांनी आमच्यासाठी वरची खोली झाडून ठेवली होती. कधी येताय, असं त्यांनी विचारलं असणार, कारण तो म्हणाला, "येत नाही, आई. पोरीची बारावी इथेच होईल. आम्ही हिच्या घरावर राहतोय."

प्रदर्शनात पेन धरल्या दिवसापासून या माणसाने घराला नेहमी आपलं घर म्हटलं होतं, आणि त्यात काही वाईट नव्हतं. हिचं घर हे तो पहिल्यांदाच म्हणाला. मला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी लाटणं खाली ठेवून दारात गेले आणि विचारलं, "काय म्हणालास?"

त्याने फोन कानाचा न काढता, आईला ऐकू जाईल अशा बेताने, तेच पुन्हा सांगितलं.